उतारा: तलाठ्याच्या वहीतून 'भूमी'च्या संगणकात

कर्नाटकात सरकारी कागद संगणकावर गेल्याचं ठळक उदाहरण म्हणजे 'भूमी' ही जमीन अभिलेख व्यवस्था. शेतकरी ज्याला उतारा म्हणतात, तोच इथला आरटीसी किंवा पहाणी. जमिनीचा मालक, क्षेत्र, पीक, कर्जाचा बोजा हे सगळं त्यावर असतं. पीककर्ज, वाटणी, खरेदी-विक्री, काहीही करायचं तर आधी उतारा लागतो.

पूर्वी काय होतं? उतारे हाताने लिहिलेले आणि वह्या तलाठ्याच्या ताब्यात. राज्यभरात सुमारे ९ हजार ग्रामलेखापाल हे काम बघत. तलाठी भेटेपर्यंत चकरा माराव्या लागत, आणि वहीत खाडाखोड झाली तरी लवकर कळत नसे.

बदल कसा झाला? २००० सालाच्या सुमारास सुमारे ६७ लाख खातेदारांचे जवळपास २ कोटी उतारे संगणकात भरले गेले. तालुका कचेरीत खिडक्या उघडल्या, उतारा १५ रुपयांत मिळू लागला. हस्तलिखित उतारा ग्राह्य धरणं बंद झालं. नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच संगणक उघडता येतो, त्यामुळे कोणी काय बदललं हे सापडतं. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमानेच निकाली काढायचे, असा नियम घातला गेला.

अडचण कुठे येते? वहीतली चूक भरताना तशीच पुढे आली, तर ती छापील होऊन येते आणि खरीच वाटते. संगणकीय उतारा कन्नडमध्ये असतो. बेळगाव, खानापूर भागात ज्यांना कन्नड वाचता येत नाही, त्यांना नावातली किंवा क्षेत्रातली चूक बँकेत गेल्यावरच समजते. १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता. त्या काळातले मराठी किंवा मोडी कागद घरात असतील तर ते जपून ठेवावेत. जुनी नोंद दाखवायला तेच उपयोगी पडतात.

चूक दिसली तर? जुना उतारा, फेरफार नोंद आणि खरेदीखत जोडून तहसीलदार कार्यालयात अर्ज द्यावा. फेरफाराचा आदेश मान्य नसेल तर कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम १३६ नुसार प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. अर्ज दिला की पोच आणि अर्ज क्रमांक घ्यायलाच हवा. 'सकाल' कायद्यात येणाऱ्या सेवेला मुदत ठरलेली असते. ती उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते.

उतारा हातात पडला की नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि बोजा या चार गोष्टी वाचता येणाऱ्याकडून तिथल्या तिथे तपासून घ्याव्यात.