पुन्हा पुन्हा ऐकलेले खरे का वाटते?

खांद्यावर बोकड घेऊन निघालेला ब्राह्मण आणि वाटेतले तीन ठग ही हितोपदेशातील गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. थोड्या थोड्या अंतरावर उभे असलेले तिन्ही ठग ब्राह्मणाला एकच गोष्ट सांगतात, की खांद्यावर बोकड नसून कुत्रे आहे. पहिल्याचे बोलणे तो उडवून लावतो. दुसऱ्यानेही तेच म्हटल्यावर बोकड खाली ठेवून नीट पाहतो आणि पुन्हा खांद्यावर घेतो. तिसऱ्याने तेच सांगितल्यावर मात्र बोकड तिथेच सोडून, आंघोळ करून घरी जातो.

या गोष्टीत ठगांनी कोणताही पुरावा दिलेला नाही, त्यांनी फक्त एकच वाक्य तीनदा ऐकवले. पुरावा खरे तर ब्राह्मणाच्याच हातात होता आणि त्याने तो डोळ्यांनी पाहिलाही होता. तरीही तो फसला. मानसशास्त्रात या प्रकाराला ‘इल्युजरी ट्रूथ इफेक्ट’ म्हणतात. मराठीत त्याला ‘सत्याभास’ म्हणता येईल. एखादे विधान पुन्हा कानावर किंवा डोळ्यांखालून गेले, की केवळ तेवढ्याने ते अधिक खरे वाटू लागते.

हे पहिल्यांदा कसे लक्षात आले?

अमेरिकेतील लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या संशोधकांनी 1977 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा बोलावण्यात आले. प्रत्येक वेळी त्यांना सामान्य ज्ञानाची 60 विधाने ऐकवली गेली. काही खरी, काही खोटी, पण सगळी खरी वाटावीत अशी. प्रत्येक विधान कितपत खरे वाटते, याला 1 ते 7 पैकी गुण द्यायचे होते.

या 60 पैकी 20 विधाने तिन्ही वेळा तीच होती, बाकीची दर वेळी नवी. नव्या विधानांचे गुण साधारण तिथेच राहिले. पुन्हा ऐकवलेल्या विधानांचे गुण मात्र वाढत गेले. खऱ्या विधानांचे वाढले, तसेच खोट्या विधानांचेही वाढले.

मेंदूत नेमके काय घडते?

आधी पाहिलेली गोष्ट समजून घ्यायला मेंदूला कमी कष्ट पडतात. हा सोपेपणा आपल्याला जाणवतो, पण तो कशामुळे आला हे कळत नाही. मग ‘हे सहज पटते आहे, म्हणजे खरे असणार’ असा निष्कर्ष नकळत काढला जातो. ओळखीचा चेहरा भरवशाचा वाटतो, तसेच ओळखीच्या वाक्याचे होते.

हा सोपेपणा इतर कारणांनीही येऊ शकतो. रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्त्झ यांनी 1999 मध्ये दाखवले, की पार्श्वभूमीवर ठळक उठून दिसणाऱ्या रंगात छापलेले विधान, फिकट रंगात छापलेल्या विधानापेक्षा किंचित अधिक खरे मानले जाते. मजकूर बदलला नव्हता, वाचणे तेवढे सोपे झाले होते.

यात स्मरणशक्तीची भर पडते. आपण ऐकलेली गोष्ट लक्षात ठेवतो, पण ती कोणी सांगितली हे लवकर विसरतो. काही आठवड्यांनी ‘कुठेतरी वाचले होते’ एवढेच उरते. ते ‘कुठेतरी’ म्हणजे वर्तमानपत्र होते की फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड, हे आठवत नाही.

माहीतगार माणूस सुरक्षित असतो का?

‘अडाणी फसतात, शिकलेले नाही’ हा समज प्रयोगांत टिकला नाही. लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांच्या 2015 मधील अभ्यासात एक विधान असे होते: ‘स्कॉटलंडचे पुरुष नेसतात त्या आखूड, चुणीदार वस्त्राला साडी म्हणतात.’ साडी नेसलेल्या आईच्या हातचे जेवलेल्या कोणत्याही वाचकाला हे वाक्य हास्यास्पद वाटेल. त्या वस्त्राचे खरे नाव ‘किल्ट’ आहे, हे प्रयोगातील अनेकांनाही ठाऊक होते. तरीही अशी विधाने दुसऱ्यांदा समोर आली, तेव्हा योग्य उत्तर माहीत असलेल्यांनीही त्यांना आधीपेक्षा अधिक खरे ठरवले. ज्ञान डोक्यात होते, पण त्या क्षणी ते वापरले गेले नाही.

याला मर्यादा आहे. गॉर्डन पेनीकुक आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘पृथ्वी अगदी चौकोनी आहे’ यासारखी अशक्य विधाने पुन्हा दाखवूनही खरी वाटली नाहीत. मात्र फेसबुकवर फिरलेले खोट्या बातम्यांचे मथळे फक्त एकदा आधी दाखवले, तरी पुढच्या वेळी ते अधिक खरे वाटले. मथळ्याखाली ‘तथ्यतपासणीत वादग्रस्त’ अशी सूचना असली तरीही, आणि मथळा वाचणाऱ्याच्या राजकीय मताविरुद्ध असला तरीही.

एकाच माणसाचे ऐकून ‘सगळे म्हणतात’ असे का वाटते?

एकच मत तीन वेगवेगळ्या लोकांनी मांडले, तर ते व्यापक वाटणे स्वाभाविक आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की एकाच व्यक्तीने तेच मत तीनदा मांडले तरी ऐकणाऱ्यांवर जवळपास तितकाच परिणाम होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर हे रोज घडते. एकच मजकूर सोसायटीच्या, शाळेच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो. मजकूर एका ठिकाणाहून निघालेला असतो, पण वाचणाऱ्याला तीन साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते.

याची किंमत किती मोठी असू शकते?

2018 च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश देशभर फिरत होते. त्यांतील एका व्हिडिओत मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेताना दिसत. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातील कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेला व्हिडिओ होता. मूल परत आणून सोडल्याचे आणि संदेशाचा फलक दाखवल्याचे शेवटचे दृश्य कापून तो पसरवण्यात आला होता.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते आणि भिक्षा मागत फिरत होते. जमावाकडे त्यांच्याविरुद्ध काहीही पुरावा नव्हता. अनेक दिवस ऐकलेली अफवा तेवढी होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या संदेशावर आता दुहेरी बाणाची खूण दिसते. ही खूण संदेश किती फिरला एवढेच सांगते. तो खरा आहे की खोटा, हे सांगत नाही.

यापासून वाचायचे कसे?

नादिया ब्राशियर आणि सहकाऱ्यांच्या 2020 मधील संशोधनात एक साधा उपाय पुढे आला. विधान पहिल्यांदा वाचतानाच ‘हे खरे आहे का?’ असा विचार करायला सांगितले, तेव्हा त्या विषयाची माहिती असलेल्यांवर पुनरावृत्तीचा परिणाम झाला नाही. म्हणजे तपासणीची खरी वेळ पहिल्या वाचनाची असते. विषयच अनोळखी असेल, तर मूळ स्रोत शोधावा लागतो.

त्यासाठी काही सवयी उपयोगी पडतात:

- ‘हे मी आधी ऐकले आहे’ आणि ‘हे मला माहीत आहे’ यांत फरक करणे.
- किती जणांनी पाठवले हे मोजण्याऐवजी, पहिल्यांदा कोणी सांगितले हे पाहणे.
- अफवा खोडताना खरी माहिती आधी देणे, अफवेचा उल्लेख एकदाच करणे आणि ती का चूक आहे हे सांगून पुन्हा खऱ्या माहितीवर येणे.
- खोटा मजकूर ‘बघा, काय काय पाठवतात’ म्हणून गमतीनेही पुढे न पाठवणे. त्यानेही त्याची ओळख वाढते.

गोबेल्सचे ते वाक्य

या विषयावर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: खोटे हजार वेळा सांगितले की ते खरे होते, असे नाझी जर्मनीचा प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स म्हणाला होता. भाषणांत आणि लेखांत ते सर्रास त्याच्या नावावर दिले जाते. त्याच्या उपलब्ध भाषणांत आणि लिखाणात मात्र ते सापडत नाही. ते त्याचेच आहे असे सर्वांना वाटते, याचे कारण सर्वांनी ते अनेकदा ऐकले आहे.