ऋतुस्राव
(मासिक पाळी). गर्भधारणा न झाल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तराचा वरचा थर रक्तासह बाहेर पडण्याची क्रिया. चक्र साधारण २८ दिवसांचे मानतात. प्रौढ स्त्रियांत २१ ते ३५ दिवस हेही स्वाभाविकच. अंडमोचनापूर्वी (अंडाशयातून अंडे सुटण्यापूर्वी) इस्ट्रोजेनमुळे अंतःस्तर जाड होतो; नंतर पीतपिंडातील (अंडे सुटल्यावर अंडाशयात तयार होणाऱ्या ग्रंथीतील) प्रोजेस्टेरॉनमुळे त्याच्या पेशींचे रूपांतर होते. गर्भ रुजला नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड क्षीण होतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि स्राव सुरू होतो.

सस्तन प्राण्यांत हा प्रकार विरळा. मानव, अनेक माकडे व कपी, काही वटवाघळे आणि काटेरी उंदीर अशा मोजक्यांतच तो आढळतो. माजावरच्या कुत्रीचे रक्त निराळे. ते अंडमोचनाआधी येते.

शुक्राणूंबरोबर आलेले जंतू धुऊन काढण्यासाठी स्राव होतो, असे जीवशास्त्रज्ञ मार्जी प्रोफेट यांनी १९९३ मध्ये मांडले. कल्पना आकर्षक, पण पुराव्यावर टिकली नाही. रक्त हे तर जंतूंचे खाद्यच. अधिक पटणारे स्पष्टीकरण वेगळे आहे. बहुतेक सस्तनांत अंतःस्तर गर्भाच्या संकेतानंतर बदलतो. मानवात तो गर्भाची वाट न पाहता दर चक्रात बदलतो. मानवी वार गर्भाशयात खोल शिरते. आधीच सज्ज असलेला अंतःस्तर तिला आवर घालत असावा, शिवाय सदोष गर्भही नाकारत असावा. मात्र पूर्ण रूपांतरित पेशी प्रोजेस्टेरॉनवाचून टिकत नाहीत. म्हणजे स्राव हा मूळ हेतू नसून या पूर्वतयारीचा उपपरिणाम ठरतो.

वारंवारची गर्भारपणे व दीर्घ स्तनपान यांमुळे मालीतील डोगोन स्त्रियांना आयुष्यात सुमारे १०० पाळ्या येतात, असे मानवशास्त्रज्ञ बेव्हर्ली स्ट्रासमन यांच्या अभ्यासात आढळले. औद्योगिक समाजांत ही संख्या सुमारे ४०० असते.