सत्तरीचे सुर्ल आणि कागद

चोर्ला घाटातून बेळगावला जाताना सत्तरीतले सुर्ल लागते. गाडीतून धुके तेवढे दिसते.

या डोंगरपट्ट्याचे जुने पोट कुमेरीवर. उतारावरची झाडी तोडायची, वाळली की जाळायची, पहिल्या पावसात राखेत नाचणी पेरायची. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा पुन्हा रानाचा. अशी फिरती शेती एक-चौदाच्या उताऱ्यावर कशी चढणार?

दीपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसचा किल्ला घेतला. बंड १८५५ पर्यंत चालले. राणे इतिहासात आले, ते योग्यच. पण तीन वर्षे रानात भाकरी कुणाच्या नाचणीची होती, हे आपण विचारत नाही.

१९९९ मध्ये म्हादई अभयारण्य झाले, साधारण २०८ चौ. किमी. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. अनुसूचित जमातीत नसलेल्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवायची. थेट १९३०, पोर्तुगीज अमदानी! नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही पुरावा धरली आहे. आम्ही कारकून मंडळी मात्र (मीही त्यातलाच) आधी विचारतो, "कागद आहे?"