भारतातील एचआयव्ही चाचणी : सक्तीकडून संमतीकडे

असुरक्षित शरीरसंबंधानंतर ‘मला लागण झाली असेल का?’ हा प्रश्न घेऊन आज कोणीही सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात जाऊ शकते. तेथे चाचणी मोफत होते, आधी संमती घेतली जाते आणि निकाल गुप्त राहतो. ही व्यवस्था कशी घडली, ते या पाठात पाहू.

मद्रास, १९८६

एचआयव्हीची एलायझा चाचणी अमेरिकेत १९८५ मध्ये उपलब्ध झाली. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तपासले गेले आणि सहा जणींना लागण असल्याचे आढळले. भारतातील साथीचा हा पहिला पुरावा. मात्र रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या महिलांना सांगितलेले नव्हते.

गोवा, १९८९

डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदाता होता. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे ठेवले गेले. त्याची आई लुसी हिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ते कलम कायम ठेवले. एचआयव्ही स्पर्शाने किंवा हवेतून पसरत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. मग या कोठडीने कोणाचे रक्षण झाले? निकालाची शिक्षा मिळणार असेल तर लोक चाचणीच टाळतात आणि साथ नजरेआड वाढते.

बदल

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या वर्षी सॉलोमन यांनी चेन्नईत स्थापन केलेल्या केंद्रात समुपदेशन आणि चाचणी यांची सांगड घातली गेली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता हे हक्क ठरले. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

आज तुमच्यासाठी याचा अर्थ

समुपदेशक तुम्हाला संबंध कोणत्या प्रकारचा होता, कंडोम वापरला होता का, तो फाटला का आणि किती दिवस झाले, हे विचारतो. प्रश्न चारित्र्याचे नसतात. धोका त्यांवरूनच मोजला जातो. गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्यास धोका सर्वाधिक. चुंबन किंवा मिठीने लागण होत नाही.

वेळेचे भान ठेवा. ७२ तासांच्या आत असाल तर त्वरित सरकारी रुग्णालय किंवा एआरटी केंद्र गाठा. तेथील डॉक्टरांना धोका वाटल्यास २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू होतात. ती जितकी लवकर, तितकी उपयोगी.

लागणीनंतर काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही. यालाच विंडो पिरिअड म्हणतात. म्हणून पहिल्या आठवड्यातील ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका. प्रयोगशाळेतील प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी साधारण ४५ दिवसांनी, तर केवळ प्रतिपिंड शोधणारी झटपट चाचणी ३ महिन्यांनी खात्रीचे उत्तर देते. प्रतिबंधक औषधे घेतली असतील तर चाचणीच्या तारखा डॉक्टरच ठरवतात. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

विचारासाठी प्रश्न : साथ रोखण्यासाठी राज्यसंस्थेला व्यक्तीच्या संमतीविना चाचणी करण्याचा अधिकार असावा का? मद्रास आणि गोव्याच्या उदाहरणांच्या आधारे उत्तर लिहा.