ताणाच्या खुणा : तेलाची मर्यादा आणि मलमाचा धोका

पोट, मांड्या, नितंब, स्तन किंवा दंड यांवर उमटणाऱ्या लांबट, किंचित खोलगट रेघांना ताणाच्या खुणा किंवा ‘स्ट्रेच मार्क्स’ म्हटले जाते. गर्भारपणाशी त्यांचे नाव जोडले गेले असले, तरी त्या केवळ गर्भवतींच्या वाट्याला येतात असे नाही. झपाट्याने उंची वाढणारी मुले-मुली, थोड्या काळात वजन वाढलेल्या व्यक्ती आणि व्यायामशाळेत घाईने शरीर कमावणारे तरुण यांच्याही अंगावर त्या दिसतात. या खुणांनी जिवाला अपाय होत नाही. मात्र एकदा उमटल्यावर त्या फिकट होतात, पूर्णपणे जात नाहीत. म्हणूनच त्या टाळण्याचा विचार आधी करावा लागतो.

खुणा का उमटतात?

त्वचेच्या बाह्य थराखाली अंतस्त्वचा असते. कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंमुळे तिला बळकटी व लवचीकपणा लाभतो. शरीराचा एखादा भाग त्वचेला जुळवून घेता येणार नाही इतक्या वेगाने वाढला, की हे तंतू तुटतात व विस्कळीत होतात. संप्रेरकांतील बदल त्यात भर घालतात. सुरुवातीला ही रेघ लालसर, जांभळट किंवा तपकिरी असते; काही महिन्यांनी ती पांढरट होते. आई किंवा बहिणीला अशा खुणा असतील, तर त्या उमटण्याची शक्यता वाढते.

वाढत्या वयातील मुलांच्या कमरेवर कधीकधी आडव्या रेघा दिसतात. त्या माराचे वळ वाटून घरचे घाबरतात. प्रत्यक्षात ती उंची वेगाने वाढल्याची खूण असते.

तेल व क्रीमने काय साधते?

गर्भवतीच्या पोटाला खोबरेल किंवा बदामाचे तेल लावण्याची प्रथा जुनी आहे. आता कोको बटर आणि महागडी क्रीम्स यांचीही त्यात भर पडली आहे. या लेपांबाबतच्या चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सहा चाचण्या आणि ८०० स्त्रियांची माहिती तपासल्यावर, कोणत्याही लेपाने गर्भारपणातील खुणा टळतात असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा आढळला नाही. कारण उघड आहे : इजा अंतस्त्वचेत होते आणि तेल प्रामुख्याने वरच्या थरावर काम करते.

म्हणून तेल निरुपयोगी ठरत नाही. ताणलेली त्वचा कोरडी पडून खाजते. कोमट पाण्याने अंघोळ करून अंग ओलसर असतानाच साधे, सुवास नसलेले मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने लावल्यास आराम पडतो. त्यासाठी महाग बाटलीची गरज नाही. पोट खाजवल्याने या खुणा उठतात, हा समजही खरा नाही. मात्र नखांनी त्वचा सोलवटते. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत तळहात व तळपाय रात्री खूप खाजत असतील, तर तेलावर न थांबता डॉक्टरांना सांगावे. ते यकृताच्या तक्रारीचे लक्षण असू शकते.

वजनाचा वेग

खुणा कमी राखण्यासाठी हाती असलेला खरा उपाय म्हणजे वजनावर लक्ष ठेवणे. गर्भारपणात वजन वाढणे आवश्यकच असते. ते एकदम न वाढता हळूहळू वाढावे, एवढीच अपेक्षा असते. ‘दोन जिवांसाठी दुप्पट खाणे’ योग्य नाही, तसेच खुणांच्या भीतीने उपाशी राहणेही योग्य नाही. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी यांतून प्रथिने आणि आवळा, पेरू, लिंबू यांतून ‘क’ जीवनसत्त्व मिळते. कोलॅजेन तयार होण्यासाठी दोन्ही लागतात. हे सारे पाळूनही खुणा उमटल्या, तर त्यात त्या स्त्रीचा दोष नसतो. अनुवंशिकता कोणाच्याही हाती नसते.

न लावण्याचे मलम

ताणाशी थेट संबंध नसलेले एक कारण भारतात वारंवार आढळते आणि ते पूर्णपणे टाळता येते : स्टेरॉइडयुक्त मलमांचा गैरवापर. जांघेत नायटा झाला की अनेकजण डॉक्टरांकडे न जाता दुकानातून मलम आणतात. त्यातील अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून मलम महिनोन्‌महिने लावले जाते. स्टेरॉइड कोलॅजेनची निर्मिती रोखते आणि त्वचा पातळ करते. जांघ व काख यांसारख्या घड्यांत ते अधिक शोषले जाते आणि तेथे रुंद, कायमच्या रेघा उमटतात. नायटाही बरा न होता पसरतो.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही घरात उरलेली किंवा शेजाऱ्याने सुचवलेली नळी वापरण्याची सवय कायम आहे. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असे नाव असेल, तर ते स्टेरॉइड समजावे. चेहरा उजळण्यासाठीही ते वापरू नये.

खुणा उमटल्यावर

रेघा लालसर असतानाच उपचारांचा थोडाफार उपयोग होतो. ट्रेटिनॉइनसारखी औषधे त्वचारोगतज्ज्ञ देतात. गर्भारपणात मात्र ती वापरू नयेत. लेसरने खुणा फिकट होतात, पण सावळ्या त्वचेवर काळे डाग राहण्याचा संभव असतो. खुणा समूळ घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर विसंबू नये. गर्भारपण किंवा वजनवाढ नसताना रुंद जांभळ्या रेघा उमटल्या आणि जोडीला चेहरा सुजल्यासारखा गोल झाला किंवा रक्तदाब वाढला, तर कुशिंग आजाराची तपासणी करून घ्यावी.

त्वचेची रोजची निगा साधीच असावी. काय लावावे याबरोबरच काय लावू नये, हेही तिच्यात येते.