पायबंद ते पिच्छा : ‘पेस्टर’ची कुळकथा

एखाद्याचा पिच्छा पुरवणे, तीच मागणी पुनःपुन्हा पुढे करून त्याला भंडावून सोडणे, या अर्थी इंग्रजीत ‘पेस्टर’ हे क्रियापद रूढ आहे. त्याच्या पोटात ‘पेस्ट’, म्हणजे साथीचा रोग किंवा उपद्रवी कीड, हा शब्द दडला असावा असे वाटणे स्वाभाविक असले, तरी या दोघांचे कूळ एक नाही. ‘पेस्ट’ हा लॅटिनमधील रोगराईवाचक ‘पेस्टिस’पासून आला, तर ‘पेस्टर’चे मूळ कुरणात आहे.

लॅटिनमध्ये ‘पास्तोर’ म्हणजे गुराखी किंवा मेंढपाळ. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला ‘पास्टर’ म्हणतात, तो हाच शब्द. त्यावरून पुढील काळातील लॅटिनमध्ये चरायला सोडलेल्या जनावराच्या पायांतील दोरीला ‘पास्तोरिया’ हे नाव पडले. ही दोरी खुंटाला न बांधता तिने पायच एकमेकांशी जखडत, त्यामुळे घोडा आखूड पावले टाकत चरू शके, पण उधळू शकत नसे. मराठीतला ‘पायबंद’ही मुळात घोड्याच्या पायांची दोरीच. अशी दोरी घालणे, आणि त्यावरून अडकवणे, गुंतवणे, या अर्थाचे क्रियापद जुन्या फ्रेंचमध्ये तयार झाले, आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत येताना त्याचा आरंभीचा अवयव गळून ‘पेस्टर’ तेवढे उरले.

इंग्रजीतही आरंभी त्याचा अर्थ अडथळा करणे, दाटी करणे असाच होता, म्हणून मालाने खच्चून भरलेल्या जहाजालाही हे क्रियापद लावले जाई. त्रास देण्याचा अर्थ त्याच शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला, आणि त्याला ‘पेस्ट’शी असलेले ध्वनिसाम्य कारणीभूत झाले. केवळ साम्यावरून नाते जोडण्याच्या या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि येथे तर तिने शब्दाचा अर्थच वळवला. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात, जखमा ठणकत असताना युद्धकैदी मागायला आलेल्या नटव्या दरबाऱ्यावर हॉटस्पर चिडतो, तेव्हा हा शब्द आजच्याच अर्थाने येतो. उलट १६३४मध्ये सादर झालेल्या ‘कोमस’मध्ये मिल्टनने तो कोंडवाड्याच्या प्रतिमेशेजारी, जुन्या अर्थाने ठेवला.

दोरी बांधण्याच्या जागेला, म्हणजे घोड्याच्या खुराच्या वरील भागाला, इंग्रजीत ‘पॅस्टर्न’ म्हणतात, आणि तो शब्दही ‘पास्तोरिया’च्याच कुळातला. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशात त्याचा अर्थ ‘घोड्याचा गुडघा’ असा दिला; एका बाईंनी त्याचे कारण विचारले असता, निव्वळ अज्ञान, असे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले.