कापडाची रोहिणी

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या आळीत शिवणयंत्रांची खडखड चाले. अशाच एका घरगुती यंत्रावर एका शल्यवैद्याने माणसाची रोहिणी शिवली, असे सांगितले तर वाचकांना खरे वाटेल काय? पण ते खरे आहे. आणि ती शिवण पुढे उसवावी कशी लागली, ही कथा तर त्याहून विलक्षण आहे.

१८९४ च्या जूनमध्ये फ्रान्समधील लिऑं शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ह्यांना एका मारेकऱ्याने भोसकले. यकृताकडे जाणारी मोठी नीला तुटली. ती शिवण्याची विद्या तेव्हा नव्हती. देशाचा प्रमुख वैद्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या आलेक्सी कारेल ह्या तरुणाच्या मनाला हे लागून राहिले. कशिदा काढणाऱ्या एका बाईकडून तो बारीक टाका शिकला, १९०२ मध्ये त्याने रक्तवाहिन्या जोडण्याची रीत प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवले.

टाका साधला, पण निकामी रोहिणीच्या जागी जोडायचे काय? न्यूयॉर्कच्या आर्थर व्हूरीझ ह्यांनी १९५२ मध्ये कृत्रिम कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी नायलॉन आणायला दुकानात गेले, तर ते संपलेले. दुकानात डेक्रॉन होते, तेच त्यांनी घेतले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर नळी शिवली. १९५४ पासून त्या कापडाने असंख्य माणसांना आयुष्य दिले.

परंतु कापडात जीव नसतो. त्यावर जंतू बसले, की स्वतःभोवती बुळबुळीत थर पसरून सुखाने नांदतात. औषध त्या थरात नीट पोचत नाही. सांधा कुजून सुटला, तर रोगी क्षणात रक्त सांडून जातो. म्हणून ज्या नळीने जगवले, तीच बहुधा काढावी लागते. पण काढली, तर पायांना रक्त कोठून मिळणार?

सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लेसडेल आणि हॉल ह्यांनी १९६३ मध्ये एक आडवाट प्रसिद्ध केली: काखेतल्या रोहिणीपासून कातडीखालून थेट जांघेपर्यंत नवी नळी. जंतूंच्या जागेला वळसा घालून आधी रक्त पायांत पोचवायचे, मग पोटातली दूषित नळी काढून महारोहिणीचे तोंड शिवून टाकायचे. कित्येकांचे प्राण असे वाचले. तरी ही नळीही परकीच. ती तुंबे, आणि शिवलेले तोंड कधी फुटेही.

मग डल्लसच्या क्लॅगेट ह्यांनी १९९३ मध्ये रोग्याच्याच मांड्यांतल्या खोल नीला काढून त्यांची महारोहिणी घडवण्याची रीत मांडली. शस्त्रक्रिया तासन्‌तास चाले, पाय थोडे सुजत. पण मांडीतला प्रवाह बाकीच्या नीला चालवीत, आणि ही जिवंत शीर जंतूंना कापडापेक्षा पुष्कळ अधिक दाद देत नसे.

आजही रोगी पाहून शल्यवैद्य वाट निवडतो. एखाद्याच्या अंगात इतका वेळ टेबलावर काढण्याचे बळच नसते; त्याला आडवाटच बरी. कापडाला मात्र कोणी नावे ठेवू नयेत. मांडीतली शीर कामी यावी, इतकी वर्षे त्या रोग्याला त्यानेच तर जगवलेले असते!